कोपर

शनिवारी दुपारीच मी सौनाची चूल पेटवते.
भूर्जाची लाकडं, सालीसकट; पटकन धरतात.
तळ्यावर हातभर बर्फ.
पहारीने जुनंच भोक मोकळं करून दोन बादल्या आणते,
उकळत्या पाण्यात थोडं थोडं विसण घालते
आणि कोपर बुडवून बघते.
बोटांवर विसंबायचं नाही, आई सांगायची,
बोटं निबर होतात, खोटं बोलतात.
कोपर खोटं बोलत नाही.

वेईक्को माझा थोरला भाऊ.
तीस वर्षं त्याने ओंडक्यांचे ट्रक हाकले
कायानीपासून थेट औलूच्या बंदरापर्यंत.
मग एका रात्री मेंदूत रक्त सांडलं,
सगळी भाषा वाहून गेली,
काठाला अडकून राहिला एकच शब्द :
चावी.
चमचा म्हणजे चावी. दुखतंय, चावी.
खिडकीत लाल छातीचा पक्षी आला, चावी.
मी, इर्मेली, मीसुद्धा चावीच.
कुठल्या कुलपाची, ते त्यालाच ठाऊक.

मंगळवारी लापशी तिसऱ्यांदा सांडली.
मी चमचा भिंतीवर फेकला. म्हणाले,
तुला कोपरापासून नमस्कार, बाबा,
तू तरी मर नाहीतर मला तरी मरू दे.
तो बघत राहिला. हनुवटीवर दूध.
मी लाकडांच्या खोपीत गेले, हातमोजे न घालता,
बाहेर उणे बावीस,
आणि तिथे उभी राहून स्वतःला जे जे बोलले
ते शेजारच्या हाल्मेच्या कुत्र्यालाही बोलले नव्हते,
त्याने माझी कोंबडी नेली
तेव्हासुद्धा.

आज त्याला बाकावर बसवलं. पाठ घासली,
कानामागे, बोटांच्या बेचक्यांत.
लुळ्या हाताची मूठ एकेक बोट करत उलगडली.
आत लापशीचा एक कण, वाळून खडा झालेला.
तो तळहात मी पुष्कळ वेळ धूत राहिले.
मग पुसून, लोकरीत गुंडाळून
बाहेरच्या खोलीत टेकवून बसवलं, दार उघडं ठेवून.

उरलेलं पाणी माझं.
चार वर्षं उरलेलंच. कोमट म्हणायचं, असतं गार.
चूल विझत आलेली.
मी घाईघाईने लोटा भरला, कारण अजून गोळ्या,
अजून चादरी, अजून
"चावी," तो म्हणाला.
टॉवेल हवा? नाही. तहान? नाही.
"चावी, चावी," आणि धडक्या हाताने
दुसऱ्या हाताचं कोपर थोपटायला लागला.
खाजत असेल म्हणून मी उठले.
त्याने मान हलवली,
ट्रक मागे घेताना गोंधळणाऱ्या नवख्या पोराकडे बघून
हलवायचा ना, तशी.
आणि बादलीकडे बोट केलं.

मी कोपर बुडवलं.
इतकं गार पाणी
त्याच्या अंगावर मी कधीच घातलं नसतं.

दोन लाकडं सारली. पातेलं भरून चढवलं.
आणि बसले. बसताना हात कुठे ठेवतात
तेच आठवेना.
पाणी तापायला अर्धा तास लागला.
पहिली दहा मिनिटं लाज वाटली,
कुणी बघितलं तर काय म्हणेल, भरल्या दिवशी बसलीये.
मग डुलकी आली.
मग रडू, पण खोपीतल्यासारखं नाही,
ओलं लाकूड तापताना टोकाशी पाणी सुटतं
तसं, आपलं आपण.

विसण घातलं. कोपराने पाहिलं. अजून थोडं घातलं.
पहिला लोटा खांद्यावर ओतला आणि चुकून,
खरंच चुकून,
त्याच्याशी बोलते त्याच आवाजात विचारलं :
भाजत नाही ना गं?

उत्तर द्यायला कुणी नव्हतं.
बाहेर वेईक्को घोरत होता, तोंड उघडं,
लोकर एका खांद्यावरून घसरलेली.
ती नीट करायला मी उठले नाही लगेच.
आधी दुसरा लोटा घेतला.