टिचकी

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मे महिना
पत्र्यातून थेंबथेंब गळतो.
एस्टीमचं नाक काढून ठेवलंय,
बंपर भिंतीला टेकून उभा,
आणि रेडिएटरपुढच्या चार बोटांच्या फटीत
मी ऑइल कूलर बसवते आहे.
तोंडं वर करून. खाली ठेवली
की हवा कोंडते वरच्या नळ्यांत
आणि अर्धा कूलर नुसता शोभेला उरतो.

बाबा टॉर्च धरून.
मला दिसायला हवं तिथे धरतात,
त्यांना बघायचं असतं तिथे नव्हे.
हे फार थोड्या पुरुषांना येतं.

होज हायड्रॉलिकच्या दुकानातला,
वरून स्टीलच्या तारांची वेणी.
कापताना उसवते,
तारेचा एक केस अंगठ्यात घुसतो.
आधी टेप गुंडाळ, मग करवत, बाबा म्हणतात.
रक्ताबद्दल काही नाही.

प्रेशरचा सेन्सर मात्र बसेना.
दोन आटे गोडीनं गेला, तिसऱ्याला अडला.
त्याला इंचात सत्तावीस आटे,
ब्लॉकला अठ्ठावीस.
"जोर लावला तर जाईल," मी म्हटलं.
"जाईल. मग परत येणार नाही."

शेजारच्या चंपकभाईंनी लेथवर
पितळेचा अडॅप्टर काढून दिला,
आत सत्तावीस, बाहेर अठ्ठावीस,
अजून कोमट.
पैसे विचारले तर, "जवा दो ने, बेन."
आम्ही चार पिढ्या बडोद्याचे मराठी,
त्या पितळेकडे बघून काहीतरी सुचलं होतं,
पण हात तेलकट होते.

टेफ्लॉनची टेप मी सवयीनं गुंडाळली.
काटा जागचा हलेना.
एकच वायर असते या सेन्सरला,
परतीची वाट आट्यांमधून,
लोखंडातून, बॅटरीच्या ऋणाकडे.
तीच मी बुजवली होती, गळू नये म्हणून.
खरवडली. काटा शहारला.

बाबांनी खताच्या कारखान्यात एकतीस वर्षं
गेज वाचली. दर तासाला, रात्रपाळीतसुद्धा.
वहीत वेळ, आकडा, सही.
वाचण्याआधी काचेवर नखाची टिचकी,
काटा अडकला असेल तर सुटावा.
एका रात्री ती मारायची राहिली.
घरात त्याबद्दल एवढंच माहीत आहे
की गुप्तेकाका नंतर डाव्या हातानं जेवायचे.

म्हणून पाण्याच्या सेन्सरची जागा मी नाही,
त्यांनी ठरवली. हेडमधून पाणी निघतं तिथेच,
पण पाइपच्या पोटात, खाली.
"वर लावलास तर पाणी गेल्यावर
हा हवेत लटकेल,
आणि इंजिन जळत असताना सांगेल, सगळं ठीक."
पुढे काही म्हणणार होते.
टॉर्च जरा हलला, इतकंच.

संध्याकाळी हालोल रोड. पावागड धुरकट.
तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो शीळ घालतो,
बाबा छताजवळची मूठ धरतात.
तेल चढत चढत एकशे चारला गेलं,
मग कुठेतरी थर्मोस्टॅट उघडला असणार,
उतरलं. शहाण्णव.
पाणी नव्वद.
जरोदचा फाटा, नव्वद.
ट्रकमागे रखडलो, नव्वद.

त्यांना इतकं स्थिर काही सोसत नाही.
दहादा सांगितलंय, बाबा, हे इलेक्ट्रॉनिक आहे,
आत अडकायला काही नाही.
ऐकून घेतात.
पुढे वाकून, टिचकी.

नव्वद.

"लिहून ठेव," म्हणाले.
कुठे? मी स्टिअरिंगवर, वही घरी.
तेव्हा शेडची आठ दिवसांची धूळ बसलेल्या
डॅशबोर्डवर त्यांनीच बोटानं लिहिलं:
सात दहा. नव्वद.
आणि पुढे, गाडी खड्ड्यात आपटली तरी
न थरथरता, पूर्ण सही.