नववा आठवडा

सोमवारी सकाळी सहाला नवा आठवडा उघडतो
आणि रविवारी रात्री अकरा एकोणसाठला मिटतो.
दुकानाचं शटर तरी मध्येच कुठे अडकतं,
हे कधीच अडकत नाही.

जुलैत नाव घातलं तेव्हा सोपं वाटलं होतं.
संख्याशास्त्राची पदविका, पुण्याचं कॉलेज, घरबसल्या.
ग्वाल्हेरला जुलै म्हणजे दुकानात माश्या आणि मी.
उकाड्यात गजक कोण खातं?
पहिल्या चार आठवड्यांचे गृहपाठ मी गुरुवारीच टाकले,
सरासरी, मध्यक, बहुलक,
गल्ल्यावर बसून, फॅनखाली कागदांवर वजनकाट्याचं माप ठेवून.
हुशार आहेस हं, असं मीच मला म्हटलं.
दुसरं कोण म्हणणार.

मग थंडी पडली.
दौलतगंजात रात्री अकरापर्यंत तीळगूळ कुटतात,
धप्, धप्, मध्ये कुणाचा खोकला, पुन्हा धप्.
बिलं माझी, झाशीचे आग्र्याचे खोके माझे,
आणि दर अर्ध्या तासाने शेठजी:
"बाईजी, वो भिंडवाला हिसाब?"
गुरुवारचे गृहपाठ शनिवारवर आले,
शनिवारचे रविवारवर,
रविवारचे अकरा पन्नासवर.

वर्गाच्या यादीत सगळ्यांच्या वेळा दिसतात.
बीडचे कुणी गहिनीनाथ थोरवे, अकरा चोपन्न.
मी अकरा छप्पन्न.
कधी ते मागे, कधी मी.
चेहरा पाहिलेला नाही, त्यांचा कॅमेरा बंद असतो.
पण दर रविवारी फाटक लागता लागता
आम्ही दोघंच आत घुसतो.
एवढी ओळख माझी वरच्या मजल्यावरच्यांशीही नाही.

नवव्या आठवड्यात मी झोपले.
मोठं कारण काही नाही.
वीज होती, नेट होतं, घरात सगळे धडधाकट.
पाय रजईत, लॅपटॉप मांडीवर गरम,
दुसरा प्रश्न अर्धा झालेला,
म्हटलं, दोन मिनिटं.
जाग आली तेव्हा खाली दूधवाला हाका मारत होता
आणि माझ्या बोटाखाली
क क क क क
चार पानं भरून.

यादीत माझ्या नावापुढे आडवी रेघ.
थोरवे: अकरा अठ्ठावन्न.
त्यांनी खाली पाहिलं असेल का, माझ्या ओळीकडे?

टेम्पोत बाड्यापर्यंत ती रेघ सोबत आली,
बाड्यापासून दुकानापर्यंतही.
दहा गुण.
बेचाळिसाव्या वर्षी दहा गुणांसाठी कुणी रडतं?
गोदामात, खोक्यांमागे, दोन मिनिटं.
ही मात्र दोनच होती.

रात्री नवव्याचा धडा उघडला.
जमा होणार नव्हता, तरी.
विषय: गहाळ नोंदी.
मॅडमनी साधंच लिहिलं होतं,
नोंद नसेल तिथे शून्य घालू नका.
शून्य हे मोजमाप आहे.
रिकाम्या चौकटीचा अर्थ इतकाच
की त्या दिवशी कुणी मोजायला गेलं नाही.

मला हसू फुटलं.
पांघरुणातून नवऱ्याने विचारलं, काय झालं?
म्हटलं, काही नाही, हिशेब.

पाचही प्रश्न सोडवले मी, दुकानाच्या जुन्या वहीत,
उधारीच्या पानांच्या पाठीवर.
पाचव्याचं उत्तर चुकलं असणार.
कुणाला दाखवायचं होतं?

तोवर दहावा उघडलेला होताच.
आज रविवार. बाहेर धप्, धप्.
अकरा एक्कावन्नला टाकला, दिवा मालवला,
पुन्हा लावला.
यादी उघडली.
थोरव्यांच्या नावापुढे अजून काहीच नाही.
डब्यातून गजकचा तुकडा काढला.
अकरा छप्पन्न.
"चला ना हो," मी म्हटलं, चांगलं मोठ्याने,
नवरा कूस बदलून म्हणाला, कुठे?

अकरा अठ्ठावन्न.
तोंडातली गजक चावायची थांबले.