लाइन मोकळी ठेव

कोपरखैरणे, सेक्टर सात. रात्रीचा दीड.
बुरशी धरलेली फ्लॉपी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली,
तिसऱ्या खेपेला वाचली गेली.
लॅपटॉपवर काडेपेटीएवढ्या खिडकीत
रोमन लिपीतलं माझंच मराठी:
'एका वेळी एकच पाहुणा. बाकीच्यांनी थांबावं.'

साल दाखवतो एकोणीस हजार एकशे सव्वीस.
असू दे.

मोडेम नाही, हे त्याला सांगितलेलं नाही.
खोटा पोर्ट दिलाय,
बिचारा रिंगची वाट बघतोय.

न वाचलेला निरोप एक.
ऐरोलीचा घरत, टोपणनाव निवटी,
अकरा मार्च शहाण्णव:
'उद्या दहानंतर करतो. लाइन मोकळी ठेव.'

बॅकअप घेतला होता, वाचलं नव्हतं.
त्याच रात्री डिस्क गेली.
नंतर कधीतरी घरत.

झोपताना सगळं बंद केलं,
पंखासुद्धा.
हे तेवढं चालू आहे.