फड्याच्या घरी

अकरा पोरं, एक दोरी.
दोरीला अकरा गाठी, गाठीगाठीला एक मूठ,
आणि दोरीच्या शेपटाशी मी.
बाईंनी मागेच राहायचं असतं,
कोण गळतंय ते दिसायला.

तांबळडेगच्या अंगणवाडीत तक्ता आहे वनस्पतींचा,
त्यातला निवडुंग उन्हाने पांढरा पडलाय,
काटे तर पार पुसून गेलेत.
म्हटलं, चला, खऱ्याकडेच जाऊ.

सुरूच्या बनातून वर, जांभ्याच्या पाखाडीने,
जिथे कलमांच्या बागेचा गडगा लागतो
तिथे तो बसलेला असतो. फड्या निवडुंग.
फड्यावर फडा, त्यावर आणखी एक,
जशा कुणी हिरव्या भाकऱ्या थापून
उभ्याच लावून ठेवल्यात
आणि वाढायचं विसरून गेलंय.

"नमस्कार करा. लांबून.
याला शेकहँड चालत नाही."
दहा नमस्कार. एक सलाम.

शमिका तांडेलने मान वाकडी केली.
"बाई, ह्येची पानां खंय?"
आता काय सांगावं? खरं तेच सांगितलं.
हिरवं दिसतं ते पान नव्हे गो, ते खोड. त्याचं अंगच.
पानं म्हणजे हे काटे.
पाणी वाचवायचं होतं याला,
म्हणून पानं बारीक केली, आणखी बारीक केली,
शेवटी नुसतं टोक उरलं.

"पेडव्यांका पण काटे आसतत," निदा होडेकर म्हणाली,
"पण ते भुतूर."

मी गप्प.
तेवीस वर्षं शिकवते,
मासा आणि निवडुंग कधी एका ताटात मांडले नव्हते.

मग पुढचं सांगितलं, बोंडं दाखवून,
कोकमापेक्षा लाल, फड्याच्या कडेला रांगेत बसलेली:
मोठ्या काट्याला भिऊ नका, तो दिसतो.
ही बारीक लव आहे ना, मखमलीसारखी,
तिला भ्या.

यज्ञेशने मखमलीला हात लावलाच.

बोटावर काही दिसेना,
रडू मात्र गावभर ऐकू जाईल असं.
मी फुंकर घातली. पदर लावला.
चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. काहीच नाही.

तेवढ्यात दोरीची दहावी गाठ मोकळी झाली.
सुजन. बागेच्या राखणदाराचा.
दिवाळीनंतर येतो, आंबा संपला की जातो,
हजेरीला "हजर" म्हणत नाही, फक्त हात वर करतो.
तो खोपीत गेला आणि आला
काठीला गुंडाळलेला फणसाचा चीक घेऊन.
यज्ञेशच्या बोटावर तो लाटला, दाबला, खसकन ओढला.
चिकावर सोनेरी कुसं. मोजून सात.

रडू थांबलं. सुजनने गडग्याकडे बोट केलं.
"सिउंडी."

काय?

"सिउंडी," तो म्हणाला, जरा मोठ्याने,
आपल्याला एवढं साधं कळू नये म्हणून वैतागून.
"सिउंडी!" अकराजणं ओरडली,
यज्ञेश सगळ्यांत वरच्या पट्टीत.

मग मी त्यांना सांगितलं
की हा फड्यासुद्धा इथला नव्हे.
लांबच्या मुलखातला, समुद्र ओलांडून आला,
कुणी एक फडा मातीत टाकला
आणि त्या फड्याने तिथेच मूळ धरलं.
आता त्याच्यावाचून गडगा उघडा दिसतो.

पदमबहादूर चिमटा घेऊन आला.
बोंडं तोडली, निखाऱ्यावर लव जाळली,
कोयतीने चिरली. आत नुसता रंग,
आणि शिताफळापेक्षा लहान, दातांना दमवणाऱ्या बिया.
पोरं खात होती आणि थुंकत होती,
थुंकत होती आणि परत मागत होती.
मीही एक फोड घेतली. पदरावर डाग पडला,
तो अजून आहे.

उतरताना गाठी मोजल्या.
शमिका? "हजर." निदा? "हजर."
यज्ञेश? "बोट पण हजर."
सुजन?

हात वर.
आणि जीभ बाहेर,
लालभडक.