पाहुण्याचा रकाना

शनिवारच्या बाजारात मी सात वाजता जाते,
बाजार उठायला लागतो तेव्हा.
दोडक्याचा वाटा वीसवरून दहावर येतो,
कोथिंबिरीची जुडी मान टाकते
आणि भाजीवालीला डिग्रजची एसटी दिसायला लागते.
घासाघीस करावी लागत नाही.
नुसतं उभं राहायचं.

घरी सन्मती वही उघडून बसलेली.
आठवीत आहे. गणितात बरी,
हिशेबात माझ्याहून कडक.
आठवड्याला अकराशे. माणसं पाच.
पट्टीने रेघा मारते, वार लिहिते,
पण त्याआधी कॅलेंडरात अष्टमी-चतुर्दशी शोधते,
कारण त्या दिवशी घरात हिरवं शिजत नाही
आणि उडदाच्या घुट्यावर भागलं की चाळीस रुपये वाचतात.
'तिथी आपल्या बाजूनं आहेत,' म्हणाली एकदा.
आक्कांनी चष्म्यावरून पाहिलं,
मग पदर तोंडाला लावला.

वांगी आक्कांना चालत नाहीत,
कृष्णाकाठची वांगी ह्यांना सुटत नाहीत,
मटकी दिसली की धाकट्याचं पोट दुखतं.
ह्या तिघांमधून वाट काढत
झुणका येतो, कढी येते,
आणि वीस तारखेनंतर तेल
पळीने नाही, झाकणाने पडतं.

शेवटचा रकाना आक्कांनी घालायला लावला :
पाहुणा, रुपये पन्नास.
'कोण येणार आहे?'
'ते आधी कळलं तर तो पाहुणा कसला?'

पहिल्या आठवड्यात कोणी आलं नाही.
दुसऱ्यात नणंद येणार होती,
तिला बेदाण्याच्या शेडवरून सुट्टी मिळेना.
तिसऱ्यात गॅसवाला आला, पाणी पिऊन गेला.
डब्यात दीडशे साठले
आणि घरात भांडण.
ह्यांना टेम्पोचा आरसा बसवायचा,
धाकट्याला क्रीमच्या बिस्किटांचा मोठा पुडा.
मी गप्प होते. माझ्या मनात पावशेर तूप.
आक्का म्हणाल्या, 'पाहुण्याचे पैसे हैत ते.
येत नसंल तर घेऊन या.'

वर पत्र्याच्या खोलीत सिद्राम राहतो,
उमदीकडचा, पोलीस भरतीची तयारी करतो.
पहाटे साडेचारला त्याचे बूट जिना उतरतात,
संध्याकाळी खाली वास येतो
तिखटमीठ घातलेल्या भाताचा. रोज तोच.

रविवारी साडेपाचला बोलावलं,
आक्का दिवस मावळायच्या आत जेवतात.
ओले केस नीट भांग पाडून आला,
हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.
दोन भाकऱ्यांवर ताटावर पंजा धरला.
'पळतोस किती?'
'पाच किलोमीटर.'
'दोन भाकरीवर पळतोस व्हय रं?'
पंजा निघाला.
सहा भाकऱ्या. घुटं तीनदा. चटणीची वाटी पुसून.
सन्मती मांडीखाली बोटं मोजत होती,
मी डोळे वटारले तर मूठ मिटली,
पण सोडली नाही.

रात्री तिने लिहिलं :
पाहुणा, दीडशेपैकी चौऱ्याऐंशी खर्च.
पेन्सिल चावत बसली जरा वेळ.
मग वर गेली, 'माणसं पाच'मधला पाच खोडला,
तिथे सहा केला, पुढे कंसात : फक्त रविवारी.
'मग पाहुण्याचा रकाना काढ की,' मी म्हटलं.
'का? सिद्रामदादा आता पाहुणा कुठं राहिला?'
आणि रकाना पुन्हा आखला, रिकामा,
फक्त पन्नासचे तीस केले.

पुढच्या शनिवारी
मी साडेसातला गेले.