वाजवी

मँचेस्टरच्या त्या खोलीत सगळेच बसलेले होते,
हे मला आधी दिसलं.
साक्षीदाराच्या खुर्चीला तर हातसुद्धा होते.
कारकुनाने माझं आडनाव दोनदा सांडलं,
तिसऱ्यांदा नुसती मान हलवून बोलावलं.

मी सांगितलं ते एवढंच:
रॉचडेलची बिस्किटांची फॅक्टरी, चार नंबरचा पट्टा,
मी आणि ग्लेनिस ऑर्मरॉड, अकरा वर्षं समोरासमोर,
फुटकी बिस्किटं वेचत.
तिचे पाय तिचं ऐकेनासे झाले
ते तिच्या डॉक्टरच्याही आधी मला कळलं,
ती पट्ट्याला पोट टेकून उभी राहायला लागली तेव्हा.

तिने एक स्टूल मागितलं. उंच, पाठ असलेलं.
कॅटलॉगचं पान फाडून आणलं होतं, त्रेचाळीस पौंड.
मिस्टर हॅलम म्हणाले, इथे सगळे उभे राहतात,
एकीला दिलं की सगळ्या मागतील,
नियम सगळ्यांना सारखा.

सब घोडे बारा टक्के, मी मनात म्हटलं.
हे इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना
म्हणून गप्प बसले,
उभ्याउभ्या.

तिची वकील म्हणाली, कायद्यात शब्द आहे, वाजवी फेरबदल.
वाजवी!
आमच्या नाक्यावरच्या पाटीवरचा शब्द,
वाजवी दरात छत्र्या दुरुस्त करून मिळतील.
त्याच्या जिवावर एवढी जाड फाइल उभी राहते
हे मला कुठे ठाऊक.

मुलीनं आपल्या पायावर उभं राहावं,
आई उठता-बसता म्हणायची.
ग्लेनिसला आपल्या पायावर उभं राहायला
बसायला हवं होतं.

मग कंपनीच्या वकिलाने विचारलं,
हे सगळं दिसत होतं, तर तुम्ही कुणाला सांगितलंत?
खिडकीबाहेर कुणीतरी शिडी लावत होतं.
कुणालाच नाही, मी म्हणाले.
ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं नाही,
पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

निकाल डिसेंबरात आला. ती जिंकली.
परत मात्र आली नाही.
स्टूल आलं. निळं. वरचं प्लास्टिक अजून तसंच,
सुट्टीत मुली त्याच्यावर कोट टाकतात.

माझा उजवा अंगठा दोन वर्षं झाली बधिर आहे.
फॉर्मवर अपंगत्वापुढे तीन चौकोन असतात,
आहे, नाही, सांगायचं नाही.
तिसऱ्यात फुली मारत आले आजवर.
काल ऑफिसात जाऊन नवा फॉर्म मागितला.
कशाला, मिस्टर हॅलमनी विचारलं.
पेन डाव्या हातात धरलं.
अक्षर वाकडं आलंय,
पण वाचता येतं.