ठसका

दोंडाईचा स्टेशनच्या पुलावरून उतरतानाच
मला ठसका लागला.
डिसेंबर. गावाबाहेरच्या माळावर
मिरची पसरलेली, एकरच्या एकर,
आणि वारा सगळा तिकडूनच येणारा.
आप्पांनी बॅग खाली ठेवली. काही बोलले नाहीत.
पाण्याची बाटली दिली, झाकण स्वतः उघडून,
पाहुण्यांना देतात तशी.

आमच्या गावात कुणी खोकत नाही.
खोकतात ते बाहेरचे व्यापारी,
नाकाला रुमाल लावून लिलावाला उभे राहणारे,
आणि आम्ही पोरं त्यांना हसायचो
पथारीकडेच्या पोत्यांवर बसून.

तिकडे पहिल्या दिवशी
हर्षाली निंबा बोरसे
हजेरीच्या रकान्यात मावेना.
निंबा कोण? वडील, म्हटलं.
वडील तुझ्या नावात कशाला राहतात,
असं कुणी विचारलं नाही, भुवया तशा झाल्या फक्त.
मग मधले आप्पा गळाले,
बोरसेचं बोर्स झालं, हॉर्सशी यमक जुळवून,
आणि हर्षाली मोडून उरलं हर्ष.
त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ कर्कश.
आमच्यात आनंद, मी सांगितलं.
हाउ लव्हली, म्हणाल्या बाई,
आणि पुढचं नाव वाचलं.

शिकले मग.
दुसरीनं माझ्या पायावर पाय दिला तरी
सॉरी मीच म्हणायचं, हे शिकले.
काट्याच्या पाठीवर वाटाणे रचायला शिकले.
दिवे साडेनऊला जातात; त्यानंतरचं रडणं
उशीत, नाक न ओढता.
दुपारी चारला अंधार पडतो
त्याचं मात्र काही करता येईना.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी
आईच्या पुरचुंडीतल्या सात मिरच्या
मी वसतिगृहाच्या ओट्यावर, तव्यावर टाकल्या.
इतकंच.
पहिली काळी पडायच्या आत
आगीची घंटा सुरू झाली भिंतीभिंतीतून,
आणि त्रेचाळीस मुली, गाऊनात, मोज्यांत,
एक तर केसांना शाम्पूचा फेस तसाच,
ओल्या हिरवळीवर रांगेत उभ्या राहून खोकायला लागल्या.
बंब आला. हेल्मेटवाला उंच माणूस
आत गेला, डोळे पुसत बाहेर आला.
त्या सगळ्यांत मी एकटी न खोकणारी.
खरं सांगते, तीन महिन्यांत पहिल्यांदा
मला तिथं घरच्यासारखं वाटलं,
आणि हसू काही आवरेना.
शिक्षा: त्रेचाळीस माफीपत्रं, शाईच्या पेनानं.
एकीचंच उत्तर आलं, पलीकडच्या खाटेवरच्या फ्रेयाचं:
उरल्यात का अजून?

घरी यातलं काही सांगितलं नाही.
थंडी आहे, म्हटलं फोनवर. जेवण बरं आहे.

दुसऱ्या दिवशी पथारीवर गेले.
सकूमावशी देठ खुडत होती.
"कवय उनी व हर्षू? तठली लोके मिरची खातस का?"
खातात, म्हटलं, घाबरत घाबरत.
तिच्याशेजारी बसले खुडायला.
तासाभरात बोटं पेटली,
आणि तीच बोटं मी विसरून डोळ्याला लावली.
बायका हसल्या. ते ठीक.
पण पोत्यांवर चार-पाच पोरं बसली होती,
तीही हसली, आणि ते हसू
माझ्या ओळखीचं होतं.

जायच्या आदल्या रात्री आईनं बरणी भरली.
नको म्हटलं, तर आणखी दाबून भरली.
मी तिच्यावर कागद चिकटवला,
शाळेतल्या तिरप्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं:
गरम करू नये.
आप्पांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "काय लिखं?"
माझं नाव, म्हटलं.

त्यांनी बरणी बल्बखाली धरली,
बावीस वर्षं काट्यावर माल पाहतात तशी,
हलवली, रंग पाहिला, पुन्हा हलवली.
"हाऊ दोन नंबर शे," म्हणाले,
"एक नंबरना माल सम्दा बाहेर जास."

झाकण लावायला त्यांना जरा वेळ लागला.